घोडा घेताना-विकताना कागद नावावर कसे करायचे: क्रम चुकला की व्यवहार फसतो

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा असो, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली मारवाडी घोडी असो की अलिबागच्या वाडीवर मुलांसाठी घेतलेलं तट्टू असो, मुंबईतले हे व्यवहार बहुतेक एकाच पद्धतीने फसतात. आधी पैसे जातात, मग ट्रकमधून घोडा उतरतो आणि कागद 'पुढच्या आठवड्यात कुरियरने पाठवतो' यावर लटकून राहतात. तो आठवडा येत नाही. पुढे विमा काढायचा असतो, स्पर्धेत उतरायचं असतं किंवा घोडा पुन्हा विकायचा असतो, आणि तेव्हा लक्षात येतं की कागदोपत्री मालक अजून कोणीतरी तिसराच आहे.

कागद नावावर करणं अवघड नाही, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. आधी घोडा कागदाशी जुळवायचा, मग विकणारा कागदाशी जुळवायचा आणि त्यानंतरच पैसे मोजायचे.

आधी ठरवा: तुमच्या घोड्याचा कागद कुठला

सगळ्या घोड्यांचे कागद एका कार्यालयात होत नाहीत. निम्मी धावपळ चुकीच्या दारात होते ती यामुळेच.

थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा असेल तर त्याची जन्मनोंद स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. हे काम रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या अखत्यारीत चालतं आणि त्याचं कार्यालय पुण्यात आहे. घोडा शर्यतीत असेल तर मालकीची नोंद मात्र टर्फ क्लबच्या दप्तरात असते. तो बंगळुरू किंवा हैदराबादला धावत असेल तर तिथल्या क्लबला विचारावं लागतं.

मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची नोंदणी त्या त्या जातीच्या संस्थांकडे होते. उड्या आणि ड्रेसाजच्या (ठरावीक, शिस्तबद्ध चालींच्या) स्पर्धांत उतरणारा घोडा इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे नोंदलेला असतो. परदेशी किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या घोड्याला त्यावर एफईआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाचीही नोंद लागते. एकाच घोड्याचे असे दोन-तीन ठिकाणी कागद असू शकतात: थरोब्रेड म्हणून जन्मलेला, शर्यती संपल्यावर उड्या शिकलेला. अशा वेळी प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. एका ठिकाणी नाव बदललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी ते आपोआप बदलत नाही.

आणि बाजारातल्या अनेक घोड्यांची तर कुठेच नोंद नसते. असा घोडा घेऊ नये असं नाही, पण त्याची किंमत बिननोंदीच्या घोड्याचीच द्या. 'कागद करून देतो' या बोलीवर जास्तीचे पैसे देऊ नका.

> इशारा: पासपोर्ट म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. पासपोर्ट सांगतो की हा घोडा कोण आहे. तो कोणाचा आहे हे नोंदवही आणि विक्रीचा कागद सांगतो. पासपोर्ट हातात आला म्हणजे घोडा आपला झाला, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे.

टप्पा १: घोडा पाहायला जाण्याआधी कागदाच्या प्रती मागा

पासपोर्टच्या किंवा नोंदणीपत्राच्या सगळ्या पानांचे फोटो मागवा, फक्त पहिल्या पानाचा नको. त्यात नोंदीतलं नाव, जन्मतारीख, आई-बापाची नावं, रंग, लिंग, चिप क्रमांक, खुणांचं चित्र आणि लसीकरणाची पानं दिसली पाहिजेत.

मग ज्या संस्थेचा कागद आहे तिच्या कार्यालयाला घोड्याचं नाव आणि क्रमांक देऊन तीन गोष्टी विचारा: सध्या मालक म्हणून कोणाची नोंद आहे, घोड्यावर काही थकबाकी किंवा भाडेकरार नोंदलेला आहे का, आणि मालकबदलासाठी आजच्या तारखेला कुठला फॉर्म आणि किती शुल्क लागतं. मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म पुन्हा वापरायच्या भानगडीत पडू नका.

शर्यतीचे घोडे भाड्याने चालवायला देण्याची पद्धत आहे. ज्याच्या रंगांत (म्हणजे जॉकीच्या पोशाखाच्या रंगांत) घोडा धावतो तो मालकच असेल असं नाही. भाडेकरूला घोडा विकता येत नाही.

टप्पा २: घोडा कागदाशी जुळवा

घाई याच टप्प्यावर होते. घोडा देखणा असतो, मोतद्दार त्याला चालवून दाखवत असतो आणि कागद कोणाच्या तरी गाडीत असतात. कागद हातात आल्याशिवाय तपासणी सुरूच करू नका. सोबत तुमचा स्वतःचा पशुवैद्य आणि चिप वाचणारं स्कॅनर हवं. विकणाऱ्याचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी तो विकणाऱ्याचा आहे.

सुरुवात चिपपासून करा. मायक्रोचिप साधारणपणे मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली टोचलेली असते. कान ते खांदा अशा पट्ट्यात स्कॅनर सावकाश फिरवा. पंधरा आकडी क्रमांक दिसेल. तो मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या माणसाला पासपोर्टवर बोट ठेवून एकेक आकडा जुळवायला सांगा. शेवटचे चार आकडे जुळले की 'झालं' म्हणण्याची सवय वाईट. एकाच गठ्ठ्यातल्या चिपांचे क्रमांक एकापाठोपाठचे असतात, आणि तबेल्यातल्या दोन घोड्यांत एखाद्याच आकड्याचा फरक असू शकतो. डावीकडे काही सापडलं नाही तर उजवीकडेही फिरवून पाहा.

त्यानंतर खुणा तपासा. कागदावरच्या चित्रात कपाळावरचा टिळा, नाकावरचा पट्टा, पांढरे पाय आणि केसांचे भोवरे दाखवलेले असतात. सगळ्यांत भरवशाचे ते भोवरे, कारण जन्मभर त्यांची जागा बदलत नाही. कपाळावर किती भोवरे आहेत, डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मानेवर दोन्ही बाजूंना कुठे, हे बोट लावून पाहा. आपल्याकडे देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) कुठे आहे हे शुभाशुभासाठी बघतातच. तेवढीच बारकाई ओळखीसाठी वापरा.

खुणा जुळत नाहीत असं वाटलं तरी लगेच फसवणूक समजू नका. करडे घोडे जन्मतः करडे नसतात. शिंगरू काळं, तांबडं किंवा कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ) असतं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं. त्यामुळे शिंगराच्या वयात भरलेल्या कागदावर 'कुमैत' लिहिलेलं आणि समोर पांढराशुभ्र घोडा, हे खरं असू शकतं. अशा घोड्याचा बाप किंवा आई करडी असलीच पाहिजे, म्हणजे तेही त्याच कागदावर तपासता येतं. आई-बाप दोघेही करडे नसतील तर मात्र थांबा. खोगिराच्या जखमेमुळे पाठीवर आलेले पांढरे केस कागदावर नसणं स्वाभाविक आहे. पण कागदावर चार पांढरे पाय आणि समोर तीन, याला काहीच स्पष्टीकरण नाही.

लिंगाची नोंदही पाहा. कागदावर अंडू आणि समोर खच्ची केलेला घोडा, असं सर्रास आढळतं. खच्ची केल्यावर कोणी कळवलेलंच नसतं. ही नोंद विकणाऱ्याने, त्याच्या नावावर घोडा असतानाच, दुरुस्त करून घ्यायला हवी. पशुवैद्याचं प्रमाणपत्र जोडलं की एरवी हे काम साधं असतं, पण मालकबदलाच्या अर्जात मिसळलं तर दोन्ही अडकतात.

शेवटी दात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक उभी खाच असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ दिसू लागते, पंधराच्या सुमारास निम्म्या दातापर्यंत येते आणि विसाव्याच्या आसपास पूर्ण दातभर उतरते. यावरून अचूक वर्ष सांगता येत नाही, पण कागद आठ वर्षं म्हणतो आणि खाच निम्म्यावर आली आहे, एवढी तफावत मात्र लपत नाही. थरोब्रेडचं वय जन्मतारखेवरून नव्हे तर १ जानेवारीपासून मोजतात हेही ध्यानात ठेवा. मार्चमध्ये जन्मलेला आणि फेब्रुवारीत जन्मलेला, दोघेही एकाच दिवशी वर्षाने मोठे होतात.

> तपासा: चिप, भोवरे, पांढऱ्या खुणा, लिंग, वय. पाचपैकी एक जरी जुळलं नाही आणि त्याचं लेखी कारण मिळालं नाही, तर विसार देऊ नका. शंका राहिली तर आयाळीचे केस मुळासकट उपटून डीएनए जुळवणी होते. मुळाशिवाय कापलेले केस त्यासाठी चालत नाहीत.

टप्पा ३: विकणारा कागदाशी जुळवा

नोंदीतलं नाव आणि समोरच्या माणसाचं आधार-पॅन एकच आहे का? मालक भागीदारीत असतील तर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. 'भावाची सही मीच करतो' हे ऐकून घेऊ नका. मालक कंपनी असेल तर ठराव आणि अधिकारपत्र लागतं. मालक वारले असतील तर आधी वारसांची नोंद आणि मग विक्री. मुलाने वडिलांचा घोडा विकला आणि बहिणीने नंतर हरकत घेतली, तर घेणारा विनाकारण अडकतो. भारतीय माल विक्री कायदा, १९३० सरळ सांगतो: विकणाऱ्याकडे स्वतःकडे जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तुटलेल्या साखळीचा असतो. घोडा नोंदीत एकाच्या नावावर आहे, त्याने दुसऱ्याला विकला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मधल्या कोणीच नाव चढवलं नाही. तिसरा तुम्हाला पहिल्या मालकाच्या सहीचा कोरा फॉर्म दाखवतो आणि म्हणतो, 'यात तुमचं नाव भरा, झालं.' असा फॉर्म घेऊ नका. पहिला मालक उद्या 'मी यांना कधी विकलंच नाही' म्हणाला, तर ते खरंच असेल. तुमचा त्याच्याशी व्यवहार झालेलाच नाही. योग्य रस्ता म्हणजे पहिल्या मालकाला गाठायचं, प्रत्येक विक्रीची पावती मिळवायची, आणि संस्थेला विचारून सगळी साखळी एकत्र नोंदवायची किंवा आधी तिसऱ्याच्या नावावर करून मग तुमच्या. हे विकणाऱ्याचं काम आहे, त्याच्या खर्चाने, आणि सौदा होण्याआधी.

कागद हरवले असतील तर दुय्यम प्रत नोंदीतल्या मालकालाच मिळते, तुम्हाला नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, एवढं करून प्रत आणा मग बोलू, असं सांगा. खरा मालक याला नाही म्हणत नाही.

तबेल्याचं आणि ट्रेनरचं बिल थकलंय का हेही विचारा, आणि तबेला चालवणाऱ्याकडून 'थकबाकी नाही' असं लेखी घ्या. नाहीतर विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो आणि घोडा फाटकातून बाहेर पडत नाही.

टप्पा ४: विक्री करार लिहा

यात्रेत भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, ते ठीक आहे. पण कागदावर खरा आकडा लिहा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा स्टँप बंद होऊन किमान ५०० रुपयांचा झाला आहे. करारात हे असावंच:

* घोड्याचं नोंदीतलं नाव (घरी त्याला राजा म्हणत असाल तरी), नोंदणी क्रमांक, चिप क्रमांक, रंग, लिंग, जन्मवर्ष, आई-बाप
* दोघांची नावं पॅनवर आहेत त्याच स्पेलिंगने
* एकूण रक्कम, कधी, कशी
* विकणाऱ्याची हमी: घोडा त्याचाच आहे, गहाण किंवा भाड्याने नाही, वाद नाही
* कोणते मूळ कागद दिले, पानांच्या संख्येसह
* नाव न चढल्यास किती दिवसांत पैसे परत

आणखी एक कलम लोक हमखास विसरतात: जोखीम कधी बदलते? कायद्याने, वेगळं ठरलं नसेल तर मालकीबरोबर जोखीमही जाते. पैसे दिले, करार झाला आणि घाटात घोड्याला पोटशूळ उठला, तर नुकसान कोणाचं? 'घोडा अमुक ठिकाणी सुखरूप उतरेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची' असं, किंवा याच्या उलट, पण स्पष्ट लिहा.

यात्रेत घेतलात तर बाजार समितीची पावतीही घ्या आणि करारासोबत पिनने लावा. ती कराराला पूरक आहे, पर्याय नाही.

टप्पा ५: पैसे आणि कागद एकाच बैठकीत

विसार थोडा द्या, तोही बँकेतून. मोठी रक्कम त्याच बैठकीत द्या जिथे तीन गोष्टी टेबलावर आहेत: मूळ पासपोर्ट किंवा नोंदणीपत्र, दोघांनी सह्या केलेला मालकबदलाचा फॉर्म, आणि करार. काही हिस्सा, मी तरी दहा टक्के सांगेन, नाव चढल्यावर द्यायचा ठेवा. या एका अटीने विकणाऱ्याची 'पाठवतो'ची सवय सुटते.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही, मग ती तुकड्यांत दिली तरी. दंड घेणाऱ्यावर, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असतो. विकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

> इशारा: 'फॉर्म मी भरून देतो, तुम्ही फक्त सही करा' असं दलाल म्हणाला तर फॉर्म स्वतः भरा. तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव रिकामं सोडून सही करू नका, कुठल्याही बाजूने.

टप्पा ६: अर्ज दाखल करा, तोही तुम्हीच

अर्ज करायचं काम विकणाऱ्यावर सोडलं की ते राहतं. नाव तुमचं चढायचं आहे, गरज तुमची आहे. फॉर्म, मूळ कागद, कराराची प्रत, ओळखपत्रं आणि शुल्क घेऊन त्याच आठवड्यात जा. मूळ कागद हातातून सोडण्याआधी प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढा. शक्य असेल तर समक्ष द्या आणि पोच घ्या. पोस्टाने पाठवायचं झालं तर स्पीड पोस्टची पावती जपा.

शर्यतीचा घोडा शर्यतीसाठीच घेत असाल तर आधी तुम्हाला क्लबची मालक म्हणून मान्यता लागते. ती नसताना घोडा घेतला तर तो तबेल्यात उभा राहतो आणि खर्च चालू राहतो. नुसत्या रपेटीसाठी घेत असाल तर तो शर्यतीतून निवृत्त झाल्याची नोंद क्लबकडे झाली आहे का ते पाहा, आणि करारातही 'शर्यतीसाठी नाही' असं लिहा.

कागद परत आला की तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग, पत्ता आणि चिप क्रमांक वाचा. घरी येऊन चूक सापडली तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

गाभण घोडी किंवा पोटाशी शिंगरू असेल तर

इथे घोडीचे कागद पुरत नाहीत. ती कुठल्या घोड्याकडून, कोणत्या तारखांना फळवली याचं घोड्याच्या मालकाच्या सहीचं प्रमाणपत्र सौद्यातच घ्या. नंतर ते मिळवणं फार कठीण जातं, कारण त्या मालकाचा तुमच्याशी काही संबंध नसतो आणि फळवणीचे पैसे थकले असतील तर तो सही देतही नाही. आई आणि बाप दोघांचे डीएनए नोंदीत आहेत का हेही विचारा. नसतील तर शिंगराची जुळवणी होणार कशी? थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाचं शिंगरू नोंदलंच जात नाही, त्यामुळे 'इंजेक्शनने फळवली' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर त्या शिंगराला शर्यतीचा कागद मिळणार नाही हे समजून भाव करा.

पोटाशी शिंगरू असेल तर ते सौद्यात आहे की नाही, हे करारात वेगळ्या ओळीत लिहा.

टप्पा ७: घोडा हलवण्याआधी

नाव चढणं आणि घोडा रस्त्यावर नेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम, १९७८ प्रमाणे प्रवासाला योग्य असल्याचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र गाडीत हवं. त्याशिवाय ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणी निगेटिव्ह असल्याचा अहवाल हवा. हा रोग माणसालाही होतो, आणि प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याखाली तो अधिसूचित असल्याने बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. अहवालावर घोड्याचं नाव, रंग आणि चिप क्रमांक आहे ना, ते पाहा. नुसता 'एक घोडी, तांबडी' असा अहवाल कुठल्याही तांबड्या घोडीला लागू होतो, म्हणजे तुमच्या कामाचा नाही.

मुंबईत घोडा ठेवायला महापालिकेचे नियम वेगळे आहेत. जागेची परवानगी सौद्याआधी पक्की करा. आणि कोणी गाडीला जुंपायला घोडा घेत असेल तर त्याने हे लक्षात ठेवावं की शहरातल्या मौजेच्या घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या आहेत.

विम्याचं राहून जातं. जुन्या मालकाची पॉलिसी घोड्याबरोबर तुमच्याकडे येत नाही. कंपनीला कळवून नावावर करून घ्या किंवा नवी काढा. नाव न बदललेल्या पॉलिसीवर दावा केला तर तो फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त.

विकणाऱ्यांनी स्वतःसाठी करायचं

घोडा गेला म्हणजे जबाबदारी गेली असं नाही. नोंदीत तुमचं नाव आहे तोवर त्या घोड्याने कोणाला लाथ मारली, रस्त्यावर मोकाट फिरला किंवा उपाशी सापडला तर पहिला फोन तुम्हाला येतो. म्हणून घेणाऱ्यावर विसंबून न राहता विक्रीच्या दिवशीच संस्थेला तारीख आणि घेणाऱ्याचं नाव लेखी कळवा, आणि महिन्याभराने नाव चढलं का ते विचारा. न चढल्यास पुन्हा लिहा. या पत्रांच्या प्रती ठेवा.

लसीकरणाची पानं भरून द्या. एफईआयच्या स्पर्धांत इन्फ्लुएंझाचा डोस स्पर्धेआधी सहा महिने एकवीस दिवसांच्या आत हवा असतो, आणि एक नोंद राहिली तर घेणाऱ्याला सगळी मालिका पहिल्यापासून द्यावी लागू शकते.

घोडा तुमच्याकडे असतानाच मेला तर पासपोर्ट कपाटात ठेवू नका. ज्या संस्थेने दिला तिला मृत्यूच्या तारखेसह परत करा. मेलेल्या घोड्याचा चांगला वंश लिहिलेला कागद दलालांना हवाच असतो. तो बाहेर फिरत राहिला तर दुसऱ्याच घोड्यावर चिकटवला जातो आणि टप्पा २ मध्ये कोणीतरी गाफील राहिला की विकलाही जातो.